रानाची वाट आणि हाताचे काम

शहरी मध्यमवर्गाच्या जीवनात अलीकडे दोन गोष्टींना नव्याने प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. पहिली म्हणजे हाताने घडवलेली वस्तू आणि दुसरी म्हणजे रानावनातील भ्रमंती. बांबूची टोपली दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवली जाते, घोंगडीचा तुकडा चौकटीत बसवून भिंतीवर टांगला जातो, वारली चित्रे चहाच्या पेल्यांवर छापली जातात. शनिवार-रविवार आला की शेकडो तरुण-तरुणी सह्याद्रीच्या वाटा तुडवतात, शुल्क भरून जाणकारांबरोबर रानात हिंडतात, झाडांची आणि पाखरांची नावे वहीत टिपून घेतात. या आवडींकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. दिवसभर पडद्यासमोर बसून ज्यांचे हात व पाय दोन्ही निकामी होऊ लागले आहेत, त्यांना मातीची आणि हातकामाची ओढ वाटावी हे माणूसपण शिल्लक असल्याचेच लक्षण आहे.

परंतु या दोन गोष्टी ज्यांच्या जीवनात छंद म्हणून कधीच नव्हत्या, रोजच्या भाकरीशी बांधलेल्या होत्या, त्यांच्याकडे वळून पाहिले म्हणजे चित्र उलटे दिसू लागते. सूप विणणारा बुरूड, केरसुणी बांधणारी बाई, लोकरीची घोंगडी विणणारा सणगर आणि ती लोकर पुरवणारा धनगर यांना रानात हिंडणे आणि हाताने घडवणे ही दोन वेगळी कामे नव्हती. एकाच कामाची ती दोन टोके होती. शहरातल्या माणसाची रानातली फेरी हा आज विरंगुळा ठरला आहे. त्याच रानात बांबूची एक काठी तोडायला गेलेल्या माणसाची फेरी मात्र कित्येक ठिकाणी अजूनही चोरी समजली जाते. टोपलीचे कौतुक करायचे आणि टोपलीकडे जाणारी वाट बंद करायची, या विसंगतीविषयी आपण बोलणार आहोत की नाही?

चालणे हा कामाचाच भाग

बांबूकाम म्हणजे विणकाम, अशी पाहणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात टोपलीचे निम्मे काम बेटापाशी झालेले असते. बांबूच्या बेटात पावसाळ्यात नवे कोंब येतात आणि काही आठवड्यांतच आपली पूर्ण उंची गाठतात. पण त्या वर्षाची काठी कोवळी असते. तिच्या कामट्या टिकत नाहीत. फार जून काठी चिरताना तडकते आणि वाकवताना मोडते. विणकामाला हवी ती बेताच्या वयाची, सरळ, लांब पेऱ्यांची काठी. ती कोणत्या बेटात आहे, ती काढताना कोणती शेजारची काठी राखावयाची, गेल्या सालच्या काठ्या तोडल्या तर पुढच्या सालचे कोंब कसे दुबळे निघतात, ओल असतानाच चिरणे का आवश्यक आहे, कोणत्या दिवसांत तोडलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो, हे सारे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते वर्षानुवर्षे त्याच रानात फिरणाऱ्या माणसांच्या पायांत आणि डोळ्यांत होते. सूप, रोवळी, दुरडी, हारा, डालगे, कणगी या प्रत्येक वस्तूसाठी वेगळी कामटी लागते, आणि कामटीची निवड रानातच होते.

हीच गोष्ट इतर वस्तूंची. शिंदीच्या पानांची केरसुणी, पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण, घायपाताचा व अंबाडीचा दोर, निरगुडीच्या आणि तरवडाच्या फोकांच्या टोपल्या, पावसात शेतकामासाठी पाठीवर घ्यावयाची इरली. यांतील एकही वस्तू दुकानातून विकत आणलेल्या कच्च्या मालातून होत नसे. पान किती पिकलेले असावे, फोक कोणत्या महिन्यात तोडावा, शिंदीचा कोणता भाग राखून ठेवावा म्हणजे झाड पुढच्या वर्षी पुन्हा देते, याचे नियम गावोगाव होते. ते नियम पाळले जात होते, कारण ते मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यावयाचे होते.

घोंगडीचा प्रवास तर याहून लांबचा. दख्खनी मेंढीची लोकर तिच्या अंगावर वाढते ती पठारावरच्या कुरणांत आणि कापणी झालेल्या शेतांत. पावसाळ्यात पूर्वेकडील कमी पावसाच्या मुलखात राहावयाचे आणि पाऊस सरला की घाट उतरून कोकणाकडे किंवा ओल्या खोऱ्यांकडे जावयाचे, हा धनगरांच्या कित्येक कळपांचा शतकानुशतकांचा क्रम. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेत, कारण लेंडीखतासारखे दुसरे खत नाही. लोकर कातरली जाई, घरातल्या बाया ती पिंजून कातीत, आणि सणगर ती मागावर विणून चिंचोक्याची खळ देत. म्हणजे एक घोंगडी तयार होण्यामागे शेकडो मैलांची चाल, कुरणांची आखणी, शेतकऱ्याशी ठरलेला व्यवहार आणि चार प्रकारच्या हातांचे कसब असे. आता कुरणे लागवडीखाली गेली, वाटा महामार्गांनी तोडल्या, आणि लोकरीला इतका कमी भाव आला की बऱ्याच ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नाही. मग लोकर तशीच टाकून दिली जाते. दुसरीकडे शहरातील दुकानांत परदेशी लोकरीची शाल मोठ्या किमतीला विकली जाते.

चालणे गुन्हा कसे झाले

रान सरकारचे आणि रानात जाणारा माणूस चोर, ही व्यवस्था सनातन नाही. ती इंग्रजी राजवटीत, आणि तीही ठरवून, उभी करण्यात आली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची आखणी सुरू झाली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जंगल खात्यावर जो कोरडा ओढला आहे, तो गरीब शेतकऱ्याची चराईची रानेच खात्याने गिळली म्हणून. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने सारे अधिक पक्के केले. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबूचा समावेश वृक्षात करण्यात आला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, हे माहीत नसल्यामुळे असे झाले असे समजण्याचे कारण नाही. बांबू हा वृक्ष ठरला म्हणजे तो तोडण्याचा, वाहून नेण्याचा आणि विकण्याचा परवाना खात्याच्या हाती राहतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांचे जीवनच चालण्यावर उभे होते अशा कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. फोकांच्या टोपल्या विणून गावोगाव विकणारे कैकाडी त्यांतलेच. त्यांना हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणातील वसाहती यांच्या कैदेत अडकवण्यात आले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण गावाच्या आणि पोलिसांच्या मनातून तो गेला नाही. ती वेदना लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा'त मांडली तेव्हा मराठी वाचक दचकला. टोपली विणणारा माणूस आपल्या दारावरून रोज जात होता, पण त्याला चालण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, हे आपल्या ध्यानीही आले नव्हते.

स्वातंत्र्य चळवळीने हा प्रश्न ओळखला होता, हे येथे विसरता कामा नये. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाला मध्य भारतात आणि महाराष्ट्रात समुद्र नव्हता तेथे जंगल सत्याग्रहाचे रूप आले. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. सांगलीकडच्या बिळाशीला आणि उरणजवळ चिरनेरला शेतकरी आणि आदिवासी रस्त्यावर आले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळीबार होऊन माणसे मारली गेली. गवताची एक पेंढी आणि सागाची एक फांदी यांसाठी नव्हे, तर रानावर आपला हक्क आहे हे सांगण्यासाठी ती माणसे उभी राहिली होती. स्वातंत्र्यानंतर मात्र तोच १९२७ चा कायदा तसाच्या तसा पुढे चालवला गेला.

कागदाचा बांबू आणि टोपलीचा बांबू

स्वतंत्र भारतात बांबूचा प्रश्न आणखी एका दिशेने बिकट झाला. कागद गिरण्यांना कच्चा माल हवा होता आणि राज्य सरकारांनी दीर्घ मुदतीच्या करारांनी, नाममात्र दरात, मैलोगणती बांबूची रानेच्या राने त्यांच्या स्वाधीन केली. त्याच बांबूसाठी टोपली विणणाऱ्याला मात्र बाजारभाव द्यावा लागे आणि तोही मिळाला तर. कर्नाटकात १९७० च्या दशकात याविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील बांबूच्या साठ्यांचा अभ्यास केला. त्यातील एक निष्कर्ष आजही प्रत्येक वनाधिकाऱ्याने आणि प्रत्येक नियोजकाने वाचावा असा आहे. काटेरी बांबूच्या बेटाभोवती खालच्या बाजूला काट्यांचे दाट जाळे असते. तोडणी सोपी व्हावी आणि बेटाची वाढ चांगली व्हावी म्हणून हे जाळे साफ करावे, असा खात्याचा नियम होता. गावकरी म्हणत होते की काटे काढले तर कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतील. अभ्यासाअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. शासकीय शास्त्र चुकले होते आणि अशिक्षित समजल्या गेलेल्या माणसांची पाहणी बरोबर होती, कारण त्यांनी ते बेट वर्षानुवर्षे, सर्व ऋतूंत, आपल्या पायांनी तपासले होते.

आपल्या राज्यात याचा पुढचा अध्याय गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने लिहिला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी केली. अभ्यासगट चालवले आणि जंगल कोणी व कसे वापरावयाचे याचे नियम स्वतः केले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायला खाते तयार नव्हते, कारण बांबू म्हणजे वृक्ष! अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. जंगल ज्यांचे ते राखतात, हे वाक्य आपण सभांमधून फार वेळा ऐकले होते. मेंढ्याने ते हिशेबाच्या वहीत मांडून दाखवले.

कायदे झाले, वाट मोकळी झाली काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश स्पष्टपणे गौण वनउपजात केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकी हक्क वनवासींना दिला. त्याच कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्कही नमूद आहे. २०१७ साली १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, त्यामुळे खासगी शेतात लावलेला बांबू तोडणे व वाहणे सुलभ झाले. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर माणगा जातीचा बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला, हे निश्चित चांगले आहे.

पण लाभ झाला तो ज्याच्याकडे बांध आहे त्याला. बुरूड बहुतांशी भूमिहीन. त्यांच्यातील कित्येकांची घरे जंगलालगतच्या गावात नसून बाजाराच्या गावी, तालुक्याच्या ठिकाणी आहेत. म्हणजे जंगलावर हक्क असलेल्या ग्रामसभेचे ते सदस्य नाहीत. अनुसूचित जमातीत नसलेल्या वनवासीला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांना कोणत्याही गावाने कागदावर घर दिले नाही, त्यांनी हा पुरावा आणावयाचा कोठून? धनगरांच्या हंगामी चराईचा हक्क कायद्यात आहे, पण तो प्रत्यक्ष पदरात पडलेले कळप विरळाच. विदर्भात बुरूड कुटुंबांना खात्यामार्फत सवलतीच्या दरात बांबू देण्याची पद्धत आहे; परंतु तो वेळेवर आणि हिरवा मिळावा ही मागणी पुन्हा पुन्हा करावी लागते. वाळलेल्या बांबूची कामटी निघत नाही, हे परवाना देणाऱ्या टेबलाला ठाऊक नसते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ कारागिरी व्यवसायांचा समावेश असून टोपल्या, चटया व केरसुण्या बनवणारेही त्यात आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक व नंतर दोन लाख रुपयांचे तारणाविना कर्ज, अशी तिची रचना आहे. कर्ज मिळावे याला विरोध असण्याचे कारण नाही. पण बुरडाची अडचण कोयत्याची नाही, बांबूची आहे. कच्च्या मालाचा हक्क न देता कर्ज देणे म्हणजे विहीर न देता मोट देण्यासारखे आहे. ज्याला बांबू व्यापाऱ्याकडूनच घ्यावा लागतो, त्याचे कर्ज अखेर व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जाते आणि हप्ता मात्र त्याच्या माथी राहतो.

येथे कमलादेवी चट्टोपाध्याय यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या, काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आघाडीच्या नेत्या असलेल्या या बाईंनी स्वातंत्र्यानंतर सत्तेचे पद न स्वीकारता कारागिरांचे काम अंगावर घेतले. १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाची धुरा त्यांनी सांभाळली. हातकाम हा त्यांच्या लेखी संग्रहालयाचा विषय नव्हता, आर्थिक लोकशाहीचा विषय होता. ते मंडळ २०२० साली एका ठरावाने बरखास्त झाले. मंडळात दोष नव्हते असे नाही. पण कारागिरांचे म्हणणे मांडण्याची एक जागा बंद झाली आणि देशात त्यावर चार दिवसही चर्चा झाली नाही, याची खंत आपल्याला वाटावयास हवी.

कारागिरीचे गोडवे आणि जातीचे वास्तव

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. हातकामाचे हे गुणगान म्हणजे जुन्या गावगाड्याचेच गोडवे नव्हेत काय? टोपली बुरडाने विणावी, दोर मांगाने वळावा, चामडे चांभाराने कमवावे, ही व्यवस्था कसबाच्या प्रेमापोटी झालेली नव्हती. जातीने कामाची वाटणी केली एवढेच नाही, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली आणि त्यांना उतरंडीत बसवले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'ची मांडणी करताना निःसंदिग्धपणे दाखवून दिले. बुरडाच्या मुलाने अभियंता व्हावे असे वाटत असताना त्याला सूप विणावयाला सांगणारे आपण कोण?

हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. कोणत्याही मुलाला वडिलांच्या धंद्याशी बांधण्याचा अधिकार समाजाला नाही. कारागिरी टिकावी म्हणून जात टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी आपले काहीही नाते असू शकत नाही. परंतु आज बुरडाचा मुलगा सूप सोडतो तेव्हा तो अभियंता होतोच असे नाही. तो बहुधा वीटभट्टीवर किंवा शहरातील बांधकामावर जातो आणि तेथे त्याच्या हातातील कसबाची किंमत शून्य धरली जाते. जातीच्या सक्तीतून सुटून तो बाजाराच्या सक्तीत सापडतो. निवडीचे स्वातंत्र्य याचा अर्थ सोडण्याचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने राहून करण्याचेही स्वातंत्र्य. दुसरे नसेल तर पहिले अपुरे राहते.

प्लास्टिकच्या बाबतीतही हीच गोष्ट. प्लास्टिकची पाटी स्वस्त, हलकी आणि टिकाऊ आहे. शेतमजूर बाई ती वापरते म्हणून तिला निसर्गप्रेमाचे धडे देण्यात अर्थ नाही. पण २०१८ साली महाराष्ट्राने थर्मोकोल आणि एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी घातली, तेव्हा पळसाची पत्रावळ लावणाऱ्या हजारो आदिवासी बायांकडे ती मागणी वळवण्याची केवढी संधी होती! पाने गोळा करण्याचा हक्क, वाळवण्याची जागा, लग्नसराईच्या आधी खरेदीची हमी, एवढे जरी केले असते तरी पुष्कळ झाले असते. बंदीचा फायदा मुख्यत्वे यंत्रावर दाबलेल्या कागदी ताटल्यांच्या कारखान्यांनी उचलला. पर्यावरणाचा निर्णय झाला, पण त्या निर्णयात श्रमिक कोठेही नव्हता.

वाघ, कुंपण आणि पाऊलवाट

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आज मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला, बांबू आणावयाला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. उन्हाळ्याच्या प्रत्येक हंगामात अशी बातमी वाचावी लागते. मरणाऱ्यांत बायांची संख्या मोठी असते, कारण पहाटे वाकून फुले वेचण्याचे काम त्याच करतात. मग लोकांनी रानात जाणेच थांबवावे हे बरे नव्हे काय, असे म्हटले जाते. वन्यजीव वाचले पाहिजेत याबद्दल वाद नाही. पण जेथे पर्यटकाला उघड्या गाडीतून वाघ दाखवण्याची चोख व्यवस्था होऊ शकते, तेथे मोह वेचणाऱ्या बायांना गटाने जाण्यासाठी राखणदार, वाघाच्या हालचालींची वेळेवर सूचना आणि त्या दिवशी काम बुडाल्यास मजुरीची भरपाई का मिळू शकत नाही? त्या बाया तेथे हौसेने गेलेल्या नसतात. दोन महिन्यांच्या वेचणीवर त्यांचे पावसाळ्याचे धान्य अवलंबून असते.

वाट बंद होते ती केवळ अभयारण्यात नव्हे. मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड या पट्ट्यांत शहरी पैशाने डोंगरउतार विकत घेतले गेले आहेत. जेथे काल पाऊलवाट होती तेथे आज तारेचे कुंपण आणि पहारेकरी आहे. आत जे बांधले जाते त्याचे नावही निसर्गाशी जवळीक सांगणारे असते! पाण्याला, देवाला, सरपणाला, चराईला जाण्याच्या या वाटा बहुधा कोणत्याही नकाशावर नसतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम अडवलेली वाट मोकळी करून देतात, पण ते मुख्यतः शेतजमीन धारण करणाऱ्याच्या सोयीसाठी. ज्याच्याकडे शेतच नाही अशा कातकऱ्याने किंवा बुरडाने आपली वाट कोणत्या कलमाखाली मागावी?

ज्या इंग्रजांकडून आपण जंगलाचा कायदा घेतला, त्यांच्याच देशातील श्रमिकांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांना सुटीच्या दिवशी हिंडावयाला डोंगर हवे होते, आणि ते डोंगर सरदारांनी शिकारीसाठी बंद ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार ठरवून किंडर स्काउटच्या माळावर चढले. त्यांतील काहींना तुरुंगात जावे लागले. पण त्या सत्याग्रहाचा रेटा पुढे टिकला. १९४९ च्या कायद्याने वाटांची नोंद सुरू झाली आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील डोंगर व माळ यांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला. चालण्याचा हक्क हा श्रमिकांच्या चळवळीचा विषय होऊ शकतो, हा त्यातील धडा आहे. आपल्याकडे तर त्या हक्काशी फावल्या वेळाबरोबर रोजीरोटीही जोडलेली आहे.

काय करावयास हवे

तेव्हा केवळ हळहळ व्यक्त करून थांबणे योग्य नव्हे. काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट कच्च्या मालाची. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क देण्यात महाराष्ट्र, आणि त्यातही गडचिरोली, देशात आघाडीवर आहे. हेच काम कोकण, पश्चिम घाट आणि मराठवाडा येथे तितक्याच निष्ठेने झाले पाहिजे. ज्या ग्रामसभांना हक्क मिळाले, त्यांनी आपल्या आराखड्यात भूमिहीन कारागिरांसाठी हिरव्या बांबूचा वाटा राखावा आणि तो ग्रामसभेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या बुरूड व कैकाडी कुटुंबांनाही द्यावा. आदिवासी आणि भटके यांच्यातील ही देवाणघेवाण सरकारी आदेशापेक्षा आपसांतील करारातून झाली तर अधिक टिकेल. यासाठी कार्यकर्त्यांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवावयास हवे.

दुसरी गोष्ट वाटांची. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील पाणंदी, गुरवाटा, पाणवठ्याच्या व रानाच्या पाऊलवाटा यांची नोंद गावातल्या माणसांबरोबर चालत जाऊन करावी आणि ती ग्रामसभेत मंजूर करून घ्यावी. त्या वाटा ज्याच्या जमिनीतून जातात त्याने त्या अडवू नयेत, असा हक्क भूमिहीनांनाही देणारी दुरुस्ती महसूल संहितेत व्हावी. शहरातून येणाऱ्या भ्रमंतीच्या मंडळांनी या कामात हात दिला तर त्यांच्या छंदाला एक सामाजिक अर्थ प्राप्त होईल. झाडाचे शास्त्रीय नाव टिपून घेणाऱ्याने त्या झाडाच्या पानावर कोणाचे घर चालते हेही वहीत लिहावे.

तिसरी गोष्ट किमतीची. हाताने केलेल्या वस्तूची किंमत ठरवताना रानात गेलेला दिवसही मजुरीत धरला पाहिजे. आज सुपाची किंमत विणण्याच्या तासांवरूनही ठरत नाही, ती प्लास्टिकच्या सुपाच्या किमतीवरून ठरते. सरकारी कार्यालये, आश्रमशाळा, बाजार समित्या आणि देवस्थाने यांनी टोपल्या, केरसुण्या, पत्रावळी आणि घोंगड्या कारागिरांच्या सहकारी संस्थांकडून किमान वेतनाच्या हिशेबाने खरेदी कराव्यात. प्रदर्शनात एखादे दालन देण्यापेक्षा ही खरेदी शंभर पटींनी उपयुक्त ठरेल.

चौथी गोष्ट शिक्षणाची. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. तिच्या अपयशाचे एक मोठे कारण हे की हातकाम गरिबांच्या मुलांसाठी आणि पुस्तक श्रीमंतांच्या मुलांसाठी, असा अर्थ समाजाने सोयीस्करपणे काढला. आता ते उलटे करावयास हवे. पुण्या-मुंबईच्या शाळेतील मुलाने टोपली विणावयाला शिकावे आणि शिकवणारी बुरूड बाई शिक्षिकेच्या मानाने आणि शिक्षिकेच्या वेतनाने वर्गात यावी. गावातल्या मुलांना रानात नेणारा जाणकार त्याच गावचा गुराखी किंवा वैदू असावा. ज्ञान कोणाचे मानावयाचे या प्रश्नाचे उत्तर जोवर वेतनपत्रकात दिसत नाही, तोवर श्रमप्रतिष्ठेची भाषणे पोकळच राहणार.

हे सर्व झाले तरी जुना गावगाडा परत येणार नाही, आणि तो येऊही नये. परंतु ज्या समाजात टोपली विणणे ही कोणाची शिक्षा नसेल आणि रानात जाणे हा कोणाचा गुन्हा नसेल, असा समाज घडवणे हे अशक्यप्राय स्वप्न नाही. गडचिरोलीतील एका लहान गावाने त्याची सुरुवात करून दाखवली आहे. आपल्या तालुक्यातील ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत बांबूचा वाटा आणि वाटांची नोंद हे दोन विषय कार्यपत्रिकेवर घेता येतील. तेवढे जरी वाचकांनी मनावर घेतले, तरी दिवाणखान्यातल्या टोपलीचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला थोडाफार प्राप्त होईल.